पन्हाळा, विशाळगड आणि एक डोली

बाजीप्रभूंचं काम मी शाळेत केलं आहे. सातवीत. पुठ्ठ्याच्या दोन तलवारी, बाबांचा जुना फेटा, आणि तोफा म्हणजे स्टेजच्या मागे उलटा घातलेला पत्र्याचा डबा. डब्यावर पाच बार झाले की पडायचं, असं ठरलं होतं. ऐन कार्यक्रमात डबा वाजवणारा पोरगा चौथ्या बारानंतर मोजणी विसरला आणि थांबला. मी आपला जखमी अवस्थेत लढतोच आहे, शत्रू कंटाळून विंगेत निघून गेलेले... शेवटी सरांनी पडदा पाडला.

हे सांगायचं कारण, पन्हाळा ते विशाळगड हा ट्रेक करायला मी पहिल्यांदा निघालो तेव्हा डोक्यात इतिहास म्हणून जे काही होतं ते साधारण एवढंच होतं. एक खिंड, एक माणूस, दोन तलवारी, पाच बार.

साल १९९८, महिना अर्थातच जुलै. आम्ही सव्वीस जण होतो, सगळे सोळा ते बावीसच्या दरम्यानचे. आमचे लीडर, ज्यांना आम्ही नुसतं 'दादा' म्हणायचो, तेवढे तिशीतले. हंटर शूज, पाठीवर सॅक, सॅकच्या आत प्लास्टिकची पिशवी, पिशवीच्या आत कपडे, आणि तरीही दोन तासांत सगळं ओलं. ज्यांनी सह्याद्रीतला जुलै पाहिला आहे त्यांना वेगळं सांगायला नको.

राजदिंडीपाशी दादांनी आम्हाला उभं केलं आणि वेढ्याची गोष्ट सांगितली. ती थोडक्यात सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावरच अवलंबून आहे.

१० नोव्हेंबर १६५९ ला प्रतापगडाखाली अफझलखान मारला गेला आणि त्यानंतर जेमतेम अठरा दिवसांत, २८ नोव्हेंबरला, पन्हाळा महाराजांच्या हाती आला. आदिलशाहीला हे झोंबणारच होतं. कर्नूलच्या सिद्दी जौहरला मोठी फौज देऊन पाठवलं गेलं आणि मार्च १६६० मध्ये महाराज पन्हाळ्यावर अडकले. अडकले म्हणजे चार महिने अडकले. नेताजी पालकरांनी बाहेरून वेढा फोडायचा प्रयत्न केला, तो फसला. राजापूरच्या वखारीचा इंग्रज, हेन्री रेव्हिंग्टन, उखळी तोफा आणि दारूगोळा घेऊन जौहरच्या मदतीला आला आणि इंग्रजांचं निशाण लावून त्यानं गडावर मारा केला. (पुढच्याच वर्षी महाराजांनी राजापूरची वखार खणून काढली आणि साहेबमजकुरांना कैदेत घातलं, ते याचसाठी.) तिकडे शायिस्ताखान पुण्यात येऊन बसलेला, चाकणला वेढा पडलेला. एकाच वेळी दोन बाजूंनी आग. पन्हाळ्यावर बसून राहणं म्हणजे सगळंच हातचं जाऊ देणं होतं.

मग शरणागतीची बोलणी लावली गेली, वेढा थोडा सैल झाला, आणि आषाढ पौर्णिमेच्या रात्री महाराज निघाले. पुस्तकांत ही तारीख १२-१३ जुलै अशी छापतात. ती तेव्हाच्या जुन्या इंग्रजी पंचांगाची आहे. आजच्या पंचांगाने ते २२-२३ जुलै होतात. म्हणजे पाऊस नुसता सुरू झालेला नव्हता, चांगला मुरलेला होता. वाटा भिजून, खचून, शेवाळून तयार झालेल्या. पौर्णिमा असून चांदण्याचा काही उपयोग नाही, अशी रात्र. जौहरची दिशाभूल करायला दुसऱ्या पालखीतून शिवा काशीद गेला आणि त्यानं जीव दिला, असं परंपरा सांगते. पन्हाळ्याच्या पायथ्याशी, नेबापुरात, त्याची समाधी दाखवतात.

गोष्ट ऐकून आम्ही घोषणा दिल्या आणि उतरायला लागलो.

पहिला दिवस मजेत गेला. तुरुकवाडी मागे पडली की मसाईच्या पठारावर चढ आहे, आणि मग ते अफाट पठार. एकामागून एक टप्पे, जांभ्याचे सपाट सडे, वर ढग टेकलेले. दहा पावलांवरचा माणूस दिसत नव्हता, म्हणून एकमेकांना हाका मारत चाललो होतो. सपाटीवर माणूस फुशारतो. कुणीतरी म्हणालंसुद्धा, "एवढंच? हे तर एका रात्रीत आपणही करू." पठार संपलं, कुंभारवाडी आली, खोतवाडी आली, आणि मग चिखल सुरू झाला. भातलावणीचे दिवस. खाचरांच्या बांधांवरून चालायचं, बांध निसटला की गुडघाभर चिखलात. बायामाणसं डोक्यावर इरली घेऊन वाकलेली, आमच्याकडे बघून हसायची. करपेवाडीला पोचेपर्यंत काळोख झाला. एका घराच्या पडवीत सव्वीस जण ओळीने आडवे झालो. आदल्या दुपारी फुशारलेल्या मित्राला रात्री उठवून खिचडी भरवावी लागली.

दुसऱ्या दिवशी पाटेवाडी ओलांडून रानातल्या उताराला लागलो आणि आमच्यातला एकजण पडला. आपण त्याला पक्या म्हणू. नुसता घसरला होता, दरीबिरीत नाही. पण पाय दोन दगडांच्या मध्ये राहिला आणि अंग पुढे गेलं. घोट्याला लिंबाएवढी सूज, बघता बघता संत्र्याएवढी. पक्यानं घातलेले बूट त्याच्या मापाचे नव्हते. एक नंबर मोठे, उसने आणलेले. पन्हाळ्यावर सामान तपासायचं काम माझ्याकडे होतं, मी ते बूट पाहिले होते आणि "दोन मोजे घाल, चालतंय" असं म्हणून मोकळा झालो होतो. हे वाक्य मला अजून ऐकू येतं.

आम्ही स्ट्रेचर करायला घेतलं. दोन काठ्या, त्यावर विंडचीटर, मॅट... प्रथमोपचाराच्या वर्गात शिकवतात तसं. सहा जणांनी उचललं आणि साधारण पन्नास पावलांवर ठेवलं. वाट एका माणसाची, आणि सहा माणसं चालणार कुठून? पुढचा घसरला की मागच्यांच्या हातातून काठी सुटायची. उतारावर पक्या पायाकडून खाली सरकायचा. एकदा तो स्ट्रेचरसकट खाली आला आणि ओरडला. तेव्हा आम्ही सगळेच घाबरलो. दादांनी दोघांना परत वाडीवर पिटाळलं.

अर्ध्या-पाऊण तासात चार माणसं आली. लावणी सोडून आली होती, पोटऱ्यांपर्यंत चिखल. त्यांतल्या वयस्कर माणसानं आमच्या स्ट्रेचरकडे एकदाच पाहिलं. "ह्यावर कोन ऱ्हाईल? सोडा ते," म्हणाले. एक लांब बांबू, त्याला घोंगडीची झोळी, झोळीत पक्या. बांबूच्या पुढच्या टोकाला एक खांदा, मागच्या टोकाला एक. बास. दोन माणसं उचलून चालणार, दोन मोकळी बरोबर. दोघं एकामागे एक, म्हणजे एका माणसाच्या वाटेवर मावतात. एवढी साधी गोष्ट सव्वीस शिकलेल्या डोक्यांत आली नव्हती.

ते ज्या वेगानं निघाले त्या वेगानं आम्ही मोकळ्या पाठीने चालू शकत नव्हतो. पुढचा माणूस तोंडानं सारखं काहीतरी सांगत होता, "दगूड... पानी... उतार... डावं...", आणि मागचा, ज्याला झोळीमुळे स्वतःचे पाय ठेवायची जागा दिसत नव्हती, तो त्या शब्दांवर पाय टाकत होता. खांदा बदलताना ते थांबतही नव्हते. मोकळा माणूस बाजूनं आत शिरायचा, बांबूखाली खांदा द्यायचा आणि पहिला बाहेर पडायचा. पायांत काहीच नव्हतं, दोघांच्या असल्या तर वहाणा, त्याही कमरेला अडकवलेल्या. मी शेजारून पळत होतो. मी विचारलं, नेहमी करता का असं? ते म्हणाले, बाळंतीण न्यावी लागती, म्हातारी न्यावी लागती, साप चावल्याला न्यावा लागतो. पावसात दुसरं काय हाय?

पांढरपाण्याच्या बाजूला डांबरी रस्ता भेटला. तिथून जीप मिळाली. घोटा मोडला होता, तीन महिने प्लास्टर. पक्या आज ठणठणीत आहे. पावसाळ्यात घोटा दुखतो आणि दुखला की मला फोन करून शिव्या घालतो.

आम्ही उरलेले खिंडीत गेलो. कासारीचं उगमाजवळचं पाणी त्या अरुंद घळीतून घोंघावत वाहत होतं. आता तिथे स्मारक आहे, उतरायला लोखंडी शिडी आहे. घोषणा द्यायच्या, असं ठरलं होतं. दिल्याही; पण माझा आवाज निघाला नाही. मला सारखा प्रश्न पडत होता तो बाजीप्रभूंचा नव्हताच. महाराज पालखीतून गेले, असं आपण लहानपणापासून ऐकतो. पालखी कुणी उचलली होती?

तेव्हापासून या वाटेबद्दल जे मिळेल ते वाचत आलो. मी काही इतिहासकार नाही, हौशी वाचक आहे, तेव्हा चूकभूल द्यावी घ्यावी. पण जुनी साधनं वाचताना धक्का बसला तो असा. कवींद्र परमानंद हा महाराजांच्याच पदरचा कवी. त्याचं संस्कृत 'शिवभारत' हे त्या काळातलं. त्यात महाराज पालखीतून निघतात, बरोबर सहाशे पायदळ असतं, पन्हाळ्याचा कारभार त्र्यंबक भास्करांवर सोपवलेला असतो. पण त्यात बाजीप्रभूंचं नावच येत नाही. जे माझ्या पाठ्यपुस्तकात, नाटकात, पोवाड्यात सगळीकडे होतं, ते तिथे नाही.

मग बाजीप्रभू येतात कुठे? जेधे शकावलीत. भोरजवळच्या कारीच्या जेधे देशमुखांच्या घरातली ही कालक्रमाची वही लोकमान्य टिळकांनी १९१६ च्या सुमारास भारत इतिहास संशोधक मंडळामार्फत उजेडात आणली. शिवजन्माची फाल्गुन वद्य तृतीया ही तिथी जिच्यामुळे पुढे आली, तीच ही शकावली. तिच्यातल्या नोंदी कोरड्या असतात, तलाठ्याच्या दप्तरासारख्या. पन्हाळ्याची नोंदही तशीच, तीन-चार छोट्या वाक्यांची. महाराज उतरून खेळण्याला (म्हणजे विशाळगडाला) गेले, जौहरचं लष्कर पाठीवर आलं, युद्ध झालं, बांदलांच्या लोकांनी शर्थ केली, बाजी प्रभू देशपांडे पडले. झालं. खिंडीचं नाव नाही, तोफांचे बार नाहीत. पण एक गोष्ट आहे, जी माझ्या नाटकात नव्हती. आधी 'बांदल लोक', मग बाजी.

बांदल म्हणजे हिरडस मावळातले देशमुख, रोहिड्याच्या परिसरातले. बाजीप्रभू त्यांच्याकडचे देशपांडे. सुरुवातीला बांदल महाराजांच्या विरोधात होते, नंतर स्वराज्यात आले. आणि त्या रात्री पाठीवर आलेल्या फौजेला ज्यांनी अडवलं ती त्यांची माणसं होती, एका खोऱ्यातली, एकमेकांच्या नात्यागोत्यातली.

याच जेधे घराण्याच्या करीन्यात, म्हणजे घराण्याच्या हकिगतीत, आणखी एक गोष्ट येते, आणि मला ती सगळ्यांत महत्त्वाची वाटते. दरबारात तलवारीचं पहिलं पान, म्हणजे मानाचा पहिला क्रमांक, जेध्यांचा होता. पन्हाळ्याच्या प्रसंगात बांदलांनी जे केलं त्यासाठी महाराजांनी जेध्यांची समजूत घातली आणि ते पहिलं पान बांदलांना दिलं. आता विचार करा, हे लिहून कोण ठेवतंय? जेधेच. आपला मान शेजाऱ्याकडे गेला, हे कुणी आपल्याच घरच्या कागदात खोटं लिहून ठेवत नाही. पुरावा म्हणून याचं वजन मला शंभर पोवाड्यांपेक्षा जास्त वाटतं. आणि तो मान एका माणसाला नाही, एका अख्ख्या जमावाला दिला गेला होता.

याचा अर्थ बाजीप्रभू लहान होतात असा अजिबात नाही. पडलेल्यांत नावानिशी नोंद झालेले तेच आहेत, म्हणजे नोंद करणाऱ्यालाही ते नाव टाळता आलं नाही. पण विसाव्या शतकाच्या सुरुवातीला देशाला एकांड्या शिलेदाराची गरज होती. सावरकरांनी बाजींचा पोवाडा रचला. अरविंद घोषांनी तर इंग्रजीत 'बाजी प्रभू' नावाचं दीर्घकाव्य लिहिलं, १९१० मध्ये ते प्रसिद्ध झालं. मागे उभी असलेली माणसं त्यात हळूहळू धूसर होत गेली. शेवटी माझ्या शाळेच्या स्टेजवर मावळे म्हणून चार पोरं उरली, तीही संवाद नसलेली.

आणि पालखी उचलणाऱ्यांचं तर कुठेच काही नाही. ना शिवभारतात, ना शकावलीत.

या भोयांनी नेमकं काय केलं होतं, हे समजायला मला दुसऱ्याच एका पावसाळ्याची गोष्ट उपयोगी पडली. खेळण्याचं रान मुळातच कुप्रसिद्ध. बहमनी सरदार मलिक-उत्-तुजारची फौज १४५३ मध्ये याच जंगलात शिरली आणि शिर्के-मोऱ्यांनी ती तिथेच संपवली. पण मी सांगतोय ती गोष्ट १७०२ सालची. औरंगजेबानं स्वतः विशाळगडाला वेढा घातला होता. वय वर्षं त्र्याऐंशी. डिसेंबरपासून जूनपर्यंत झुंजवून परशुराम त्र्यंबकांनी अखेर पैसे घेऊन आणि माणसं सुखरूप बाहेर काढून गड खाली केला. गड मिळाला, आणि पाऊस सुरू झाला. बादशाही छावणी पन्हाळ्याकडे निघाली. म्हणजे आमचीच वाट साधारण, फक्त उलट्या दिशेनं. जदुनाथ सरकारांनी हिशेब दिला आहे: तीस मैलांना अडतीस दिवस.

अडतीस दिवस! हत्ती चिखलात रुतले, ओझ्याची जनावरं मेली, ओढे भरले की छावणी तिथेच अडकून पडायची, सामान वाटेत टाकावं लागलं. त्या काळातल्या सगळ्यांत श्रीमंत सत्तेला जे अंतर महिन्याहून जास्त दिवस पुरलं, ते बेचाळीस वर्षांपूर्वी, त्याच ऋतूत, पाठीवर शत्रू असताना, सहाशे माणसं एक पालखी घेऊन एका दमात काटून गेली होती.

याला आपण शौर्य म्हणतो आणि मोकळे होतो. पण शौर्यानं पालखी पुढे सरकत नाही. त्यासाठी पुढच्यानं "दगूड, पानी, उतार" सांगावं लागतं आणि मागच्यानं त्यावर डोळे मिटून विश्वास ठेवावा लागतो. कुठल्या ओढ्याला कुठे उतार मिळतो हे माहीत असावं लागतं. खांदा न थांबता बदलावा लागतो. हे लढाईच्या तालमीत शिकवत नाहीत. ते बाळंतिणी आणि म्हाताऱ्या नेऊन नेऊन येतं. बादशहाकडे हत्ती होते, ही माणसं नव्हती. (हे आपलं माझं मत. त्या दिवशी शेजारून पळताना झालेलं.)

बखरकारांवर, कवींवर मी पुष्कळ चिडलो होतो. एवढं सगळं लिहिलंत, चार भोयांची नावं लिहायला काय झालं होतं? मित्रांसमोर तावातावानं बोलायचो. मग २००६ मध्ये घर बदलताना त्या ट्रेकची वही सापडली. आमच्या मंडळात प्रत्येक ट्रेकची नोंदवही ठेवायची पद्धत होती आणि त्या वेळी ती लिहायचं काम माझ्याकडे होतं. अक्षर माझंच. राजदिंडी सोडल्याची वेळ आहे. करपेवाडीच्या पडवीतली खिचडी आहे, ती कुणी करपवली हे नावानिशी आहे. सव्वीस जणांची यादी आहे, पत्त्यांसकट. पक्याच्या अपघातावर सात ओळी आहेत, स्ट्रेचर कसं केलं याची आकृतीसुद्धा आहे. बुटांबद्दल एक शब्द नाही.

आणि मग एक ओळ: "गावकऱ्यांच्या मदतीने रस्त्यापर्यंत आणले."

चार माणसं. त्यांच्याबरोबर मी दोन-अडीच तास पळालो, बोललो, त्यांच्या चंचीतली सुपारी खाल्ली. जीप निघाल्यावर दादांनी पैसे पुढे केले, ते त्यांनी घेतले नाहीत; "लावणी ऱ्हायलीया" म्हणून लगेच वळले. नाव एकाचंही विचारलं नाही.

२०११ च्या पावसाळ्यात मी पुन्हा गेलो, मुद्दाम वाडीत थांबलो. तेरा वर्षं झाली होती. एका घरात ही हकिगत सांगितली तेव्हा घरातल्या म्हाताऱ्या आजींनी विचारलं, "कोनच्या सालची म्हंता?" मी साल सांगितलं. त्या म्हणाल्या, "दरसाल कोन ना कोन पडतंच बाबा. त्येंतला तू कुटला, कसं सांगावं?" मग आत जाऊन ताक घेऊन आल्या. मी नाव विचारलं. त्यांचं, मुलाचं, सुनेचं. वहीत लिहून घेतलं. आजींना त्याचं हसू आलं.